गाडीच्या एसीत ‘गॅस भरणे’ ही दुरुस्ती नव्हे

महोदय,

उन्हाळा लागला की जुन्या गाड्यांच्या मालकांना एसीच्या गॅरेजमध्ये बहुधा एकच निदान ऐकायला मिळते : ‘गॅस कमी झालाय, भरून देतो.’ वास्तविक हा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. रबरी होज आणि कॉम्प्रेसरचे सील यांतून वर्षानुवर्षे थोडा झिरपतो हे खरे. परंतु एकाच मोसमात गारवा जात असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस हवेतच जाणार.

गळतीच्या जागा अनुभवी मेकॅनिकला ठाऊक असतात. बंपरमागे दगडांचा मार खाणारा कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी), जोडांवरच्या ओ-रिंग म्हणजे रबरी कड्या, गॅस भरण्याचा व्हॉल्व्ह, आणि सर्वांत खर्चिक म्हणजे डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल, कारण तिच्यासाठी अनेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. नायट्रोजनचा दाब देऊन जोडांवर साबणाचे पाणी लावले तर गळती बुडबुड्यांनी दिसते. ती बंद केल्यावर ओलावा शोषणारा ड्रायर बदलून, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा व ओल काढून, मगच बोनेटखालच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरायला हवा. जादा भरला तरी गारवा घटतोच. (गाडी हायवेवर थंड आणि सिग्नलला गरम होत असेल, तर आधी कंडेन्सरचा पंखा तपासावा, तिथे गॅसचा दोष असेलच असे नाही.)

प्रश्न केवळ खिशाचा नाही. जुन्या गाड्यांत सर्रास असणारा आर-१३४ए हा गॅस वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक प्रभावी आहे, तरीही दुरुस्तीच्या वेळी उरलेला गॅस यंत्राने काढून न घेता सरळ हवेत सोडला जातो. स्वस्त म्हणून एलपीजीसारखा ज्वालाग्राही गॅस भरणे तर प्रवाशांच्या जिवाशी खेळ आहे, कारण कूलिंग कॉइल फुटली की तो थेट केबिनमध्ये येतो.

म्हणून परिवहन विभागाने गॅरेजांच्या बिलावर गळतीची जागा, व्हॅक्यूमचा वेळ आणि भरलेल्या गॅसचे नाव व ग्रॅममधले वजन लिहिणे बंधनकारक करावे. तोवर ग्राहकांनी पैसे देण्यापूर्वी या नोंदी स्वतःच मागून घ्याव्यात.

– एक वाहनधारक, नागपूर