निवतीच्या तांडेलकाकांस

काका,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर वाचत बसणार नाही, ठाऊक आहे. पुतण्या वाचून दाखवेल. वेंगुर्ला रॉक्स, म्हणजे तुमच्या निवतीसमोरची समुद्रातली खडकाळ बेटं, बघायला निघालेल्या इतरांच्याही नजरेस पडावं म्हणून उघडच लिहितेय.

आभार मानायचेत ते तुम्ही आम्हाला बेटावर उतरू दिलं नाहीत, याबद्दल.

कोल्हापूरहून निघताना एका एजंटाने छातीठोकपणे सांगितलं होतं, "बेटावर उतरवतो, दीपगृह दाखवतो, गुहेत नेतो." तुम्ही बंदरावरच म्हणालात, "जाऊन बघूया. गावला तर गावला." पहाटेचा मतलई वारा, सपाट पाणी, मागे पडत जाणारा निवतीचा किल्ला, आमच्या मंडळींना तुमचं ते बोलणं उगाचचं वाटलं. खडक जवळ आले तेव्हा आवाज बंद झाले. लांबून ठिपका वाटतो तो एक खडक नव्हेच, चांगला पुंजका आहे. किनाऱ्यावर न जाणवणारी लाट तिथे खडपावर चढते आणि पुरुषभर खाली जाते. ना धक्का, ना वाळू. होडी हलत असतानाच उडी टाकायची नि निसरडं खडप धरायचं!

इंजिन बारीक करून तुम्ही बराच वेळ नुसते पाण्याकडे बघत होतात. एक हात सुकाणूवर, दुसऱ्यात विझलेली विडी. मग एवढंच, "आज जमाचा नाय."

माझ्या भावाने पैशांचा विषय काढला. तुम्ही चिडला नाहीत, समजूतही घातली नाहीत. होडी वळवून सगळ्या खडकांना वळसा घातलात आणि गुहेच्या तोंडापासून राखून इंजिन बंद केलंत. पाकोळ्या, गुहेत घरटी करणारी ती पाखरं! आत शिरणाऱ्या, बाहेर पडणाऱ्या, एकीला दुसरीचा धक्का नाही. आतल्या काळोखात त्या टकटक आवाज काढतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधतात. घरटं लाळेचं, कपारीला चिकटवलेलं. परदेशात त्याचं सूप करतात, म्हणून इथली घरटी खरवडून नेणारे लोक येऊन गेलेत. घरटं गेलं की अंडी गेली, आणि पाखराला पुन्हा लाळ गाळत बसायचं. आमच्यातल्या एकाने विचारलंच, दर्या शांत असता तर आत नेलं असतंत का? "ता तेंचा घर. आपण कित्याक शिराचा?"

म्हणजे नकार नुसता लाटेमुळे नव्हता. हे आम्हाला परतताना उमगलं, समुद्रगरुड डोक्यावरून गेल्यावर सगळे जरा गप्प बसले होते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी मालवणहून सिंधुदुर्ग पाहिला. १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेला किल्ला, चहूकडे खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. गर्दी भरपूर, गाइड घाईत. पण पाण्याखालच्या खडकांमधून होडी कशी वळत वळत नेतात, ते मी आदल्या दिवसामुळे नीट बघितलं. भोवतीचे खडक हाही त्या किल्ल्याचा कोटच. वाट माहीत असलेल्यालाच आत शिरता येणार.

पैसे तुम्ही पुरते घेतलेत, तेही बरं केलंत. डिझेल तेवढंच जळलं होतं. उतरलो नाही तर पैसे परत, अशी बोली जे घालतात, ते तांडेलाला भलत्या दिवशी खडपाला होडी लावायला भाग पाडतात. माझं हे मत भावाला अजून पटलेलं नाही. पण पुढच्या खेपेला तुमच्याच होडीतून, असं तोच म्हणतोय.

होडीत ज्या मुलीला मळमळत होतं, तिला तुम्ही खिशातून आमसूल काढून दिलंत. ती आता घरीही आमसुलं मागते. काकूंनी दिलेलं कुळथाचं पीठ संपत आलंय. पिठी तशी जमत नाही, पण खातो. त्यांना सांगा, लसणीची फोडणी किती वेळ ठेवतात ते पुतण्याकरवी कळवा. फोटो त्याच्याच नंबरावर पाठवलेत.

तुमची,
कोल्हापूरची पाहुणी