इथं सगळं उघडतंय, आपला रस्ता सोडून

म्युनिक,
७ जून २०२०

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज व्हिडिओ कॉल होतोच, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. कारण कॉलवर आपण तिघंही थापा मारतो. तुम्ही म्हणता, "आमचं एकदम मस्त चाललंय." मी म्हणते, "आमचंही." मग छकुली फोन ओढून घेते, पडलेला दात दाखवते आणि कामाचं बोलायचं राहूनच जातं. बाबा, हे आईला मोठ्यानं वाचून दाखवा, मोबाइलच्या बारीक अक्षरांनी तिचे डोळे दुखतात. आणि आई, बाबा मधलं काही गाळतायत असा संशय आला तर सांग, तेवढं मी तुला फोनवर वाचून दाखवीन.

बुधवारी निसर्ग वादळ अलिबागकडून आपल्या नाशिकच्या दिशेनं सरकतंय हे इथं बातम्यांत दिसत होतं आणि तुमचा फोन लागत नव्हता. वीज गेली, चार्जिंग संपलं, एवढंच झालं होतं हे रात्री कळलं. तोवर मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये काय बोलले ते मलाही आठवत नाही. गॅलरीतल्या कुंड्या गेल्या त्याचं आईनं मनाला लावून घेऊ नये.

आता इथलं. "तुमच्याकडचं लॉकडाऊन संपलं का?" असं बाबा रोज विचारतात. संपलं असं कुठल्या एका दिवशी झालंच नाही. आमच्या बव्हेरिया राज्यात २१ मार्चपासून घराबाहेर पडायला सबळ कारण लागायचं: नोकरी, किराणा, डॉक्टर, फार तर घरच्यांबरोबर फेरफटका. एकट्यानं बागेतल्या बाकावर पुस्तक वाचत बसलेलं चालतं का, यावरसुद्धा इथं चर्चा झडली. मग २० एप्रिलला रोपवाटिका आणि हार्डवेअरची दुकानं उघडली (जर्मन माणसाची पहिली निकड खिळे आणि रोपं!). २७ तारखेला बाकीची मध्यम आकाराची दुकानं उघडली, ८०० चौरस मीटरपर्यंतची, आणि त्याच दिवसापासून दुकानात नि ट्रेनमध्ये तोंड झाकणं सक्तीचं झालं. आईच्या जुन्या सुती साडीचे मी मास्क शिवलेत. किनार नेमकी नाकावर येते, ऑफिसातल्या दोघींनी तसेच मागितले. ४ मेला सलून उघडले. तुमच्या जावयांचे केस तोवर मी कापत होते, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात नंबर लावून ते गेले आणि परत आले ते एकदम लग्नातल्या फोटोसारखे.

बाबा, तुम्हाला आकडे आवडतात म्हणून सांगते. एप्रिलच्या मध्यावर इथल्या चॅन्सेलर मर्केलबाईंनी टीव्हीवर हिशेब मांडला. एका रुग्णाकडून सरासरी १.१ जणांना लागण झाली तर ऑक्टोबरपर्यंत दवाखान्यांची क्षमता संपेल, १.२ झाली तर जुलैतच आणि १.३ झाली तर जूनमध्येच. बाई मूळच्या शास्त्रज्ञ, त्यामुळे आवाज न चढवता सांगितलं आणि लोकांना पटलंही. पुढे प्रत्येक जिल्ह्याला मर्यादा ठरवून दिली: आठवड्याभरात लाख लोकसंख्येमागे ५० पेक्षा जास्त नवे रुग्ण सापडले की पुन्हा बंधनं. म्हणजे दार उघडलंय, पण ते लावायचं कधी हेही आधीच लिहून ठेवलंय. मला हे आवडलं. सगळ्यांना आवडलं असं नाही. ९ मेला मारियनप्लात्झ चौकात निदर्शनं झाली, परवानगी ८० जणांना आणि आले जवळजवळ तीन हजार, खेटून उभे. मी त्या दिवसानंतर आठवडाभर त्या बाजूला फिरकले नाही.

६ मेला मुलांची खेळाची मैदानं उघडली. आमच्या घरासमोरच्या झोपाळ्यांना दीड महिना लाल-पांढरी पट्टी गुंडाळलेली होती. ती काढली तेव्हा मला वाटलं छकुली धावत सुटेल. ती फाटकापाशी उभी राहिली. "आई, नक्की चालतं ना? कोणी ओरडणार नाही ना?" सहा वर्षांच्या पोरीनं झोपाळ्याला परवानगी विचारावी याचं मला फार वाईट वाटलं. मग आम्ही दोघी गेलो, मी आधी झोपाळा पुसला, तिनं नंतर हात पुसले, आणि पाच मिनिटांत ती सगळं विसरली. मी मात्र दुसरं मूल जवळ आलं की दचकत होते. बंद होताना भीती वाटली नव्हती इतकी उघडताना वाटते. घरात असताना काय करायचं ते ठरलेलं होतं. आता प्रत्येक पावलाला आपणच ठरवायचं: ट्रेननं जावं का, लिफ्टमध्ये कोणी असेल तर थांबावं का.

१८ मेला पहिलीचे वर्ग सुरू झाले. अर्धा वर्ग एका आठवड्यात, अर्धा दुसऱ्या. प्रत्येकाचा बाक वेगळा, जमिनीवर बाणांच्या खुणा, डबा वाटून खायचा नाही. त्यामुळे आईच्या पाककृतीची थालीपीठं पहिल्यांदाच कोणी मागितली नाहीत आणि सगळी तिनंच संपवली.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. मार्चपासून त्यांचा किराणा आम्ही आणत होतो. त्या यादी आमच्या पत्रपेटीत टाकायच्या, मी पिशवी दाराशी ठेवून घंटी वाजवायची आणि दोन पायऱ्या मागे सरकायची. मग थोडं बोलायचं. त्यांचा मुलगा तासाभराच्या अंतरावरच्या गावात, पण त्यालाही येता येत नव्हतं. "तुमची आई हजारो किलोमीटरवर आणि माझा मुलगा साठ किलोमीटरवर, पण आपण दोघी सारख्याच फोनवर," असं त्या म्हणायच्या आणि हसायच्या. आई, मला त्या बोलण्यानं खूप बरं वाटायचं. अख्खं शहर आपापल्या आईवडिलांना फोनच करत होतं. आपलं काही वेगळं आहे असं वाटतच नव्हतं.

६ मेपासून जवळच्या नातलगांच्या घरी जायला परवानगी मिळाली आणि १० तारखेला इथला मातृदिन होता. त्या रविवारी सकाळी आजींचा मुलगा फुलं आणि केक घेऊन आला. खाली अंगणात दोन खुर्च्या दूरदूर टाकून दोघं तीन तास बसले होते. मी वरून कपडे वाळत घालत होते. मला आनंद झाला हे खरं, आणि लगेच हेवा वाटला हेही तितकंच खरं. तेव्हापासून ऑफिसात रोज कोणी ना कोणी सांगतं, या शनिवारी आईकडे गेलो, बाबांबरोबर इझार नदीच्या काठानं फिरलो. १५ जूनला युरोपातल्या बहुतेक देशांच्या सीमा मोकळ्या होतील, म्हणून माझी इटालियन मैत्रीण आजच बॅग भरून बसलीय. ज्या इटलीच्या बातम्या बघून आपण मार्चमध्ये रडलो, तिथं तिला जाता येणार. शिथिलतेच्या प्रत्येक यादीत मी आपला रस्ता शोधते आणि तो कुठल्याच तारखेपुढे नसतो. बंद होतं तेव्हा सगळे सारखे होतो, आता उघडतंय तसे आम्ही परदेशी लोक एकेक करून मागे राहतोय. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कोणी हे असं लिहीत नाही, पण पाडव्याचा कार्यक्रम रद्द झाला तेव्हा तिथं विनोद चालायचे, ते मे महिन्यात बंद झाले. ग्रुपमधल्या एकाचे वडील एप्रिलमध्ये नगरला गेले, कोरोनानं नाही, हृदयविकारानं. त्यानं अंत्यविधी फोनवर पाहिला. त्यानंतर रात्री दहानंतर भारतातून फोन वाजला की आम्ही सगळेच उठून बसतो.

परदेशातल्या भारतीयांना परत नेणाऱ्या सरकारच्या वंदे भारत विमानांची चौकशी केली, बाबा. फ्रँकफर्टहून सुटतात. पण ती अडकलेल्यांसाठी, व्हिसा संपलेल्यांसाठी, गरोदर बायकांसाठी आधी आहेत आणि ते योग्यच आहे. समजा जागा मिळाली तरी मुंबईत उतरल्यावर सात दिवस स्वखर्चानं हॉटेलात, पुढचे सात दिवस घरात वेगळं, आणि परत कधी येता येईल याची काहीच हमी नाही. छकुलीची शाळा, माझी नोकरी, यांचं अर्धवेळ काम. तेव्हा आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी मेमध्ये येणार होते ते तर झालंच नाही, पण दिवाळीलाही माझी वाट धरून बसू नका. हे मला कॉलवर म्हणता येत नव्हतं, म्हणून इथं लिहिलं.

पैशांचं विचारलं होतंत. यांच्या कंपनीत काम अर्ध्यावर आलंय, पण नोकरी आहे. बुडालेल्या निव्वळ पगाराचे मूल असलेल्यांना ६७ टक्के सरकार देतं, ही इथली जुनीच योजना आहे. घरभाडं निघतं, बचतीला हात लावलेला नाही. तुम्ही एफडी मोडायचा विषय पुन्हा काढू नका. ज्या आठवड्यात महामार्गावरून माणसं पोरं खांद्यावर घेऊन कसाऱ्याकडून वर चालत येत होती आणि तुम्ही बिल्डिंगमधल्या लोकांबरोबर पोळ्या पाठवत होतात, त्या आठवड्यात तुम्ही मला पैसे हवेत का विचारलंत. महाराष्ट्रदिनी रात्री आपल्या नाशिकरोडहून भोपाळला मजुरांची गाडी सुटली ती बातमी मी इथं सगळ्यांना दाखवली. आपलं स्टेशन लोकांना पहिल्यांदा दिसलं ते असं.

एक गंमत. एप्रिलमध्ये इथल्या सुपरमार्केटात द्राक्षांच्या डब्यावर 'भारत' लिहिलेलं होतं. नाशिकचीच असणार, आपण तसंच समजायचं. तिकडे मामाच्या बागेला व्यापारी फिरकला नाही, सगळ्या मालाचा बेदाणा करावा लागला, आणि इथं मी अर्ध्या किलोला मोजलेले पैसे ऐकून मामा मला वेड्यात काढेल. सगळी खाल्ली, एकही वाया घालवलं नाही.

आणि हो, या वर्षीचा ऑक्टोबरफेस्ट, इथला बिअरचा उत्सव, रद्द झालाय. दरवर्षी साठ लाखांच्या आसपास माणूस येतो, म्हणजे यांची जत्राच. इथले लोक जे हळहळले ते बघून मला काळारामाचा रथ आठवला. चैत्रात कामदा एकादशीला रथ निघाला नाही हे सांगताना बाबांचा आवाज तसाच झाला होता. बिअर गार्डन मात्र १८ मेपासून सुरू आहेत, नाव-फोन लिहून द्यायचा आणि अंतर ठेवून बसायचं. ऑफिसचे लोक घेऊन गेले. मी लिंबू सरबत प्यायले, हे आईसाठी खास लिहितेय.

आता बाबा, तुमचं. ३ तारखेपासून मोकळ्या जागी फिरायला परवानगी मिळाली म्हणून तुम्ही पहाटे मुक्तिधाम मंदिरापर्यंत चालत जाऊन आलात, हे मला आईनं सांगितलंय, तिच्यावर चिडू नका. तुम्ही म्हणाल, तिकडे तुम्ही झोपाळे उघडता आणि मला फिरायला मनाई? पण आकडे बघा. इथं एप्रिलच्या सुरुवातीला दिवसाला सहा हजार नवे रुग्ण होते, आता काहीशे आहेत, तेव्हा उघडलं. आणि तोवर साडेआठ हजारांवर माणसं गेलीच. आपल्याकडे लॉकडाऊन लागलं तेव्हा देशभरात मिळून पाचसहाशे रुग्ण होते, आज रोज नऊ-दहा हजारांची भर पडतेय आणि उघडतोय. लोकांची पोटं चालायला हवीत म्हणून उघडतोय, त्याला इलाज नाही. पण तुमची पेन्शन आहे, तुम्हाला ती घाई नाही. आणि पासष्टीच्या वरच्यांनी घरीच राहावं असं सरकारही म्हणतंय. गच्चीवर फेऱ्या मारा. दुकानं आता रस्त्याच्या एका बाजूची एक दिवस, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी उघडतात ना? मग सामान शेजारच्या मुलाला सांगा, बिटको चौकात स्वतः जाऊ नका. नोटा साबणानं धुऊन दोरीवर वाळत घालता तेवढं बास झालं. प्रेसमध्ये जन्मभर नोटा छापल्या, आता त्या धुताय म्हटल्यावर जावई इतके हसले की मीटिंगमध्ये त्यांना कॅमेरा बंद करावा लागला.

ऑपरेशनचं असं करा. माझ्यासाठी थांबू नका. डॉक्टरांना फोनवर विचारा, नेहमीची ऑपरेशनं कधी सुरू करणार, दवाखान्यात किती वेळ थांबावं लागेल, आणि तोवर कोणते ड्रॉप चालू ठेवायचे. मावशी आठ दिवस येऊन राहायला तयार आहे, तिच्याशी बोलले. ती सिडकोतून रिक्षानं येईल, आल्यावर आधी अंघोळ करेल, हे तिचं तिनंच सांगितलंय. आईनं पोळ्या करायला उठायचं नाही, आणि डोळ्यावर पट्टी असताना मालिका 'फक्त ऐकायची' म्हणून टीव्हीसमोर बसायचं नाही.

उत्तर पाठवा. बाबा, टाइप करत बसू नका, वहीच्या पानावर लिहा आणि फोटो काढून टाका, सगळी पानं, उलटी नकोत. त्यात साखर किती आली ते लिहा. आकडा लिहा, 'नॉर्मल' नको.

छकुलीचा आजी-आजोबांना साष्टांग नमस्कार, जावयांचाही.

तुमची,
मनी