किल्लारीचा भ्रंश याआधी कधी सरकला होता?

महोदय,

लातूर-धाराशिव भागात जमीन जराशी हादरली की ‘पुन्हा किल्लारी होणार का?’ ही चर्चा सुरू होते आणि दोन दिवसांत विरते. त्याआधीचा प्रश्न कुणी विचारत नाही: हा भ्रंश, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंचे खडक सरकतात ती जमिनीखालची भेग, १९९३ पूर्वी कधी सरकला होता?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली, तेव्हा हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. भ्रंश मात्र त्या पहाटे जन्मला नव्हता. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने नंतर तिथे खोल विवरे घेतली, तेव्हा लाव्हाचे थर काही मीटरने वरखाली सरकलेले आढळले. १९९३ मध्ये जमीन मीटरभरही उचलली गेली नव्हती. उरलेले सरकणे आधीच्या भूकंपांचे. कधीच्या, हे लाव्हा सांगत नाही, कारण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

काळ कळायचा तर वरची माती पाहावी लागते. चर खणायचा, कोणता थर तुटला आहे आणि कोणता त्यावर अखंड पसरला आहे ते बघायचे. भूकंप या दोघांच्या वयांमधला. आपल्याकडे अडचण अशी की काळी माती उन्हाळ्यात खोल भेगाळते, वरचा कोळसा-पाचोळा त्या भेगांतून खाली जातो आणि कार्बनवरून काढलेले वय चुकते. वाळूच्या कणांवर शेवटचे ऊन कधी पडले हे मोजायची पद्धत आहे, पण ती मुख्यतः गारेच्या (क्वार्ट्झच्या) कणांवर चालते आणि आपल्या काळ्या खडकात गार जवळपास नसते.

म्हणूनच, जिथे काळ ठरवायला दुसराही आधार मिळतो तो तेरणा नदीकाठचा गाळ मोलाचा. तेर इथे भूवैज्ञानिकांना सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या खुणा मिळाल्या. तेर म्हणजे जुने तगर, प्राचीन काळचे व्यापारी शहर. तिथल्या थरांत खापरे सापडतात आणि त्यांवरूनही काळ ठरवता येतो. पण एका ठिकाणावरून भ्रंशाचा इतिहास कसा लिहिणार?

वाळूसाठी, वीटभट्टीसाठी जेसीबी लावून असे काठ खरवडले की ते थर कायमचे गेले. जिल्हा प्रशासनाने भूवैज्ञानिकांना सोबत घेऊन तेरणाकाठचे निवडक पट्टे आताच राखून ठेवावेत, मराठवाड्यातील भूशास्त्र विभागांना तिथे चर खणण्यासाठी निधी द्यावा आणि जे सापडेल ते मराठीत गावकऱ्यांपर्यंत पोहोचवावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, उमरगा