समुद्राचा तळ म्हणजे अंगण नव्हे

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत अरबी समुद्राचं आडवं कापून दाखवलेलं चित्र दिलंत, छान होतं, पण तळ म्हणजे पुळणीपासून पार खोल पाण्यापर्यंत पिवळी वाळू आणि एकदम सपाट, सारवलेल्या अंगणासारखा! आमच्याकडे तीन पिढ्या मासेमारी, त्यामुळे राहवलं नाही.

आमच्या बाजूचा कुठलाही तांडेल सांगेल, पुळणीची वाळू संपली की चिखल लागतो, नांगर वर ओढला की काळपट, चिकट, हाताला लागला तर साबणाने पण पटकन जात नाही. आणि वाळू परत लागते ती लांब, खोलात. उलटं वाटतं ना? पण नद्यांचा गाळ बहुतेक 50-60 मीटर खोलीच्या आतच बसतो, पुढे फारसा पोचत नाही, आणि पुढची वाळू आजची नाहीच. 20 हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता, मग पाणी चढत आलं आणि तेव्हाचे किनारे बुडाले, ती त्यांची वाळू. तिच्यात खसखशीएवढे चुन्याचे गोल दाणे मिळतात, ते तयार होतात उथळ, लाटांनी घुसळलेल्या पाण्यात, आणि आता पडलेत 60-90 मीटरवर, म्हणजे बघा.

उंचसखलपणाचंही तसंच. खोलगट शांत जागी गाळ साचतो, उंचवट्यावरून प्रवाह तो झाडून नेतात. विजयदुर्गासमोर 100 किमीहून जरा लांब अँग्रिया बँक नावाचा पाण्याखालचा मोठा उंचवटा आहे (नाव आपल्या कान्होजी आंग्र्यांवरून), माथा जेमतेम 20 मीटर पाण्याखाली, तिथे चिखल नाही, प्रवाळ आहे. आमच्या बोटीवरचा फिशफाइंडर (आवाजाच्या लहरी खाली सोडून पडद्यावर तळ आणि मासे दाखवणारं यंत्र) पण हे दाखवतो, खडक असला की तळाची रेघ ठळक आणि खाली दुसरी रेघ उमटते, चिखल असला की सगळं पुसट. ट्रॉलरवाले चिखलावर कोळंबी मारतात आणि खडप दिसलं की जाळं उचलतात, नाहीतर फाटलंच समजा, मग आठवडाभर बसा शिवत.

तर पुढच्या वेळी चित्रात किनाऱ्याजवळ राखाडी, बाहेर पिवळा आणि मध्ये एखादा उंचवटा तरी काढा. लहान पोरं ते कापून वहीत चिकटवतात, माझ्या नातीने कालच चिकटवलंय.

एक वाचक, देवगड