पाचट पेटवलं, दत्त्या

प्रिय दत्त्या,

आठ महिने ना पत्र ना फोन, शिव्या घाल पण आधी ऐक. आईचे गुडघे तसेच, माझं बीपी गोळीवर, बाकी ठीक.

परवा मी उसाचं वाळलेलं पाचट पेटवलं. हो, मीच. तोडणी लांबली, पाचटाची कुट्टी करणारा मशीनवाला उद्या-उद्या करत राहिला आणि पाण्याची पाळी त्याच रात्री. एक काडी, अर्ध्या तासात एकर काळा. तेव्हा तूच आठवलास, पाचटावरून बापूंशी भांडून भरल्या ताटावरून उठलेला. नंतर चुलीपाशी दोन भाकऱ्या मागून खाल्ल्यास तेही आठवलं.

झोप लागेना म्हणून हवा तापवणाऱ्या गॅसचा हिशोब मांडला. धुरातला कार्बन डायऑक्साइड पुढचा ऊस परत ओढतो, तो धरत नाहीत, पण सोबत मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड जातात ते धरतात. म्हशीवर ढकलणार होतो, ती पण ढेकरेतून मिथेन सोडते, पण काडी काही तिनं लावली नाही.

मग खताकडे वळलो आणि खरं तिथं अडकलो. 45 किलोच्या युरियाच्या पोत्यात पावणेएकवीस किलो नत्र, त्यातला शंभरावा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो असं ढोबळ धरतात. हाच तो लाफिंग गॅस बरं का, मला काही हसू आलं नाही. कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो, म्हणजे पोत्यामागे जवळपास 90 किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखंच. मी एकरी सहा पोती टाकतो, ती पण तुंबलेल्या सरीत फेकून, आणि मातीत हवा कमी पडली की तिथले जिवाणू हाच गॅस जास्त करतात. लहानपणी बादलीत युरिया कालवायचो, बादली गार पडायची, हात बधिर व्हायचे, आठवतं? आपल्याला केवढी गंमत वाटायची!

धूर गावानं बघितला म्हणून लाज वाटली रे. युरियाचं कोण बघतंय, 266 रुपये 50 पैशाला पोतं. बापूंना म्हटलं यंदा दोन पोती कमी टाकू आणि हप्ते पाडून देऊ, तर म्हणाले टनेज पडलं की दत्त्या भरून देणारे का? मी गप्प.

पोरीची दहावी ना यंदा? आणि नवीन जागी साहेब कसाय? कळव.

खालच्या दोन एकरांचं पाचट अजून तसंच पडलंय. रविवारी ये, दोघं मिळून सरीत दाबू. काडेपेटी आईकडे देऊन ठेवलीय, तिनं कमरेला खोचलीय.

तुझाच,
पम्या