नीलू, 'लिसा' खेळच

नागपूर,
शनिवार रात्र

प्रिय नीलू,

तू फोनवर म्हणालीस ना, हल्लीचे गेम संपले की दुसऱ्या दिवशी आठवतही नाहीत, तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. 'लिसा: द पेनफुल' खेळ. 2014 चा आहे. ऑस्टिन जॉर्गेनसन या माणसाने संगीतासकट जवळपास एकट्याने केलाय, तोही आरपीजी मेकर या गेम बनवायच्या साध्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे तुझ्या जुन्या लॅपटॉपलाही झेपेल. चित्रं अगदी साधी आहेत, त्यांच्यावर जाऊ नकोस.

ओलेथ नावाचा ओसाड मुलूख. एक पांढरा लखलखाट झाला आणि जगातल्या सगळ्या बायका नाहीशा झाल्या. ब्रॅड नावाच्या खचलेल्या माणसाला एक तान्ही मुलगी सापडते. तो तिला लपवून वाढवतो आणि एक दिवस ती घरातून नाहीशी होते. तिला शोधायला तो निघतो, एवढीच गोष्ट. वर त्याला 'जॉय' नावाच्या गोळ्यांचं व्यसन. गोळी घेतली की अंगात बळ येतं, नाही घेतली की ऐन लढाईत तो ढेपाळतो.

आणि तरी तू खूप हसशील. तिथे पैसे म्हणून अश्लील मासिकं चालतात. वकिली करणारा एक मासा तुझ्या टोळीत येऊ शकतो. मारबतीच्या मिरवणुकीत बडगे, म्हणजे ते टोमणे लिहिलेले पुतळे, बघून आपण पोट धरून हसतो, पण त्यांच्यावर लिहिलेली महागाई आपल्याच घरात बसलेली असते ना? या गेममधलं हसू त्या जातीचं आहे.

एका ठिकाणी गुंड विचारतात: तुझा हात देतोस की सोबत्याचा जीव? तो सोबती म्हणजे टेरी, सुरुवातीपासून उत्साहाने सल्ले देत फिरणारा, लढाईत फारसा उपयोग नसलेला भाबडा माणूस. हात गेला तर परत येत नाही, पुढची प्रत्येक लढाई जड जाते. टेरी गेला तर तोही परत येत नाही. इतर गेममध्ये चांगुलपणा फुकट असतो गं. इथे त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती शेवटपर्यंत मोजत राहावी लागते. रात्री शेकोटीपाशी झोपलीस तरी सकाळी एखादा सोबती निघून गेलेला असू शकतो.

मला सगळ्यात जास्त लागली ती त्या मुलीची गोष्ट. तिचं नाव बडी. ती प्रत्येकाला हवी आहे, पण तुला काय हवंय असं तिला कुणी विचारत नाही. ब्रॅडही नाही. त्याचा जीव आहे तिच्यावर, यात शंकाच नाही. पण त्याच प्रेमाने तो तिला कोंडतो. असे बाप आपण दोघींनी पाहिलेत.

एक मात्र ऐक. यात घरातला छळ आहे, व्यसन आहे, आत्महत्याही आहे. मन ठिकाणावर नसेल त्या आठवड्यात सुरू करू नकोस, गेम कुठे पळून जात नाही. 2023 ची 'डेफिनिटिव्ह' आवृत्ती घे, त्यात पुढचा भाग 'द जॉयफुल' पण आहे. पहिल्यांदा 'पेन मोड' हा जास्त अवघड प्रकार नको. त्यात सेव्ह करायची प्रत्येक जागा एकदाच वापरता येते.

टेरीचं काय केलंस ते लगेच कळव. शेवटाबद्दल मात्र तो बघून झाल्यावरच फोन कर, मला त्यावर तासभर बोलायचंय.

तुझी,
शुभा