दोर

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आईने पाठवलेली सोलं आणि फणसपोळी पोचली. फणसपोळी दोन दिवसांत संपलीसुद्धा, घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांनाही फार आवडली.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "दिवसभर मैदानाच्या मधोमध दोर धरून उभी राहतेस, त्यात शिकवायचं ते काय?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

तुम्ही मला पोहायला शिकवलंत ते आठवतं ना? गुहागरची आपली विहीर, माझ्या पाठीला पांगाऱ्याचं लाकूड, कमरेला दोर आणि त्याचं टोक काठावर तुमच्या हातात. मी बुडायला लागले की दोर ताठ व्हायचा, हातपाय मारायला लागले की ढिला. मी इथे तेच करते. दोराच्या दुसऱ्या टोकाला घोडा, घोड्यावर पोर. हातात लगाम नाही, पायात रिकीब नाही. घोडा माझ्याभोवती गोल फिरतो आणि पोर नुसतं बसायला शिकतं.

हे बसणंच अवघड. ट्रॉट, म्हणजे घोड्याची दुडकी चाल, सुरू झाली की पोरं घाबरून श्वास कोंडतात, गुडघे आवळतात. आवळले की अंग वर उडतं आणि खोगिरावर आदळतं. मग घोडाही पाठ ताठ करतो. गेल्या आठवड्यात एका नऊ वर्षांच्या मुलीला मी मोठ्याने पाढे म्हणायला लावलं. सातच्या पाढ्यात ती अडखळली, आठवायच्या नादात श्वास सुटला, कंबर सैल झाली. त्याच फेरीत घोड्याने नाकातून लांब फुर्र केलं, मान खाली सोडली आणि एक कान मागे तिच्याकडे वळवला. तिला अजून कळलंही नव्हतं, पण त्याला कळलं होतं. अशा एका फेरीसाठी मी महिनाभर उभी राहीन.

ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात उड्या नाहीत, शर्यत नाही. २० बाय ६० मीटरचं मैदान, कडेला अक्षरं. त्या त्या अक्षरापाशी चाल बदलायची, वळायचं, थांबायचं. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण. स्वाराने घोड्याला काय सांगितलं ते बघणाऱ्याला दिसताच कामा नये.

आई, पायाने अधू असलेला तो मुलगा शिकेल का, असं तू विचारलंस. डेन्मार्कच्या घोडेस्वार लिस हार्टेल यांचे पाय पोलिओमुळे गुडघ्याखाली लुळे पडले होते. घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजचं रौप्यपदक घेतलं. मुलगा शिकेल. त्याला वेळ लागेल, तो मी देईन.

मी एकदा घाई केली होती, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. शिकवायला लागल्याच्या दुसऱ्या वर्षी स्पर्धा जवळ आली म्हणून एका मुलीला बैठक पक्की होण्याआधीच लगाम दिला. ती पडली, गळपट्टीचं हाड मोडलं. घोडा बिचारा जागच्या जागी थांबला होता. चूक सगळी माझी. तेव्हापासून दोर मी लवकर सोडत नाही, मग कुणी कितीही कुरकुर करो.

सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडला आपल्या संघाने ड्रेसाजमध्ये सुवर्ण जिंकलं, घोडेस्वारीत ४१ वर्षांनी. बाबा, तुम्ही कात्रण पाठवलंत, त्यावर पेनने लिहिलं होतं, "तू कधी?" ते मी खोगिरांच्या खोलीत लावलंय. त्या चौघांनी युरोपात राहून तयारी केली, घरापासून लांब. इथल्या पोरांना पहिली बैठक इथेच मिळावी, एवढंच मला हवंय. स्पर्धेत मी आता उतरणार नाही. याचं मला दुःख नाही, तुम्हीही करू नका.

पावसाआधी या. एकदा पाऊस लागला की मैदानात पाणी साचतं, मग महिनामहिना काम बंद. चिपळूणहून दिवा स्टेशनला जाणाऱ्या गाडीत बसा, पेणला उतरा, मी न्यायला येते. सोमवार सोडून कधीही या, सोमवारी घोड्यांना सुट्टी असते. आणि बाबा, तुमच्या हातात दोर द्यायचाय मला.

तुमची,
बयो